सी-सातचं घर

ग्युमरीत जानेवारीत शाई गोठते,
म्हणून हमाझास्प शिसपेन्सिलीनं लिहितो
कोण जिंकलं, कोण हरलं.
आमचा क्लब म्हणजे भूकंपानंतर आलेला पत्र्याचा डबा,
दोन वर्षांपुरता, म्हणाले होते.
मधोमध शेगडी, तिच्यावर रानओव्याचा चहा,
आणि सात टेबलं.
एकाच्या पायाखाली विटेचा तुकडा. ते माझं.

मी अरुस्याक. वय त्रेपन्न.
मोज्यांच्या कारखान्यात टाचा शिवते,
दिवसाला चारशे जोड.
टाच चुकली तर उसवते, दोरा ओढते,
पुन्हा शिवते. कुणाला कळतही नाही.
इथं तसं नाही.
इथं हात लावला की हलवायचं,
बोट सुटलं की संपलं.

समोर नाझेली, वय नऊ,
खुर्चीवर गुडघे मुडपून बसलेली,
पुढचा एक दात नुकताच पडलेला.
तिचा घोडा निघतो.
बी-पाच. मग सी-सात.
राजाला शह, कोपऱ्यातल्या हत्तीवर डोळा.
मी राजा सरकवते. ती हत्ती उचलते,
पिकलेलं जर्दाळू हाती यावं तसा.

मंगळवारी सी-सात.
गुरुवारी सी-सात.
भांडी घासताना मी पुटपुटते,
बसच्या खिडकीवर वाफ धरली की चौकोन आखते,
आणि शनिवारी
पहिले पाढे पंचावन्न.
माझं घोडं नेमकं इथंच पेंड खातं,
आणि ते घोडं माझं नसतंच, तिचं असतं.

हरण्याचं एवढं काही नाही.
पण तीच चूक, त्याच हातानं, डोळ्यांदेखत!
जणू माझ्या आत दुसरीच कुणी बाई राहते,
मला न विचारता चाल करून मोकळी होते
आणि खाली सही मला करावी लागते.

एकतिसाव्या डावाला मी पट उलथून टाकला.
सोंगट्या पत्र्यावर गारांसारख्या वाजल्या.
कुणी काही बोललं नाही.
नाझेलीनं रांगत रांगत सगळ्या वेचल्या.
एक घोडा कमी.
शेगडीखाली सापडला, कान जळालेला.
हमाझास्पनं त्याच्यावरची राख फुंकली,
"बरं झालं, आता ओळखू येईल," म्हणाला,
आणि नाझेलीच्या डाव्या हाताला ठेवला.

तीन आठवडे मी तिकडं फिरकले नाही.
चारशे जोड. चारशे जोड.
एका संध्याकाळी टाच उसवता उसवता थांबले.
आख्खा मोजा मी कधीच उसवत नाही.
जिथं भोक दिसतं तिथंही सुई लावत नाही.
एक टाका अलीकडे जाते.
एवढं तर बोटांना केव्हापासून माहीत होतं.

परत गेले तेव्हा तोच घोडा समोर,
एका कानाचा, सी-तीनवर उभा.
मी उजवा हात मांडीखाली दाबून धरला.
सी-सातकडे पाहिलं नाही.
बी-पाचकडे पाहिलं.
शेगडीत लाकूड तडकलं. चहा निवला.
मग उजव्या काठचं प्यादं, एकच घर पुढं.
ए-सहा.
नाझेलीनं पडलेल्या दाताची जागा जिभेनं चाचपली.
घोडा जागचा हलला नाही.

हरले मी तरीही.
त्रेचाळिसाव्या चालीला लांबच्या कोपऱ्यातून
तिरका उंट आला,
ज्याला मी तासभर खोलीतलं सामान समजत होते.

हमाझास्पनं वहीतलं माझं पान काढलं.
सी-सात, सी-सात, सी-सात, पानभर.
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं
आणि तळाशी लिहिलं: उंट.
"ही नवीन आहे," नाझेली म्हणाली,
मान वाकडी करून, वाचून,
शेजाऱ्यांकडे बाळ झाल्यासारखी.

मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.
पांढऱ्या कुणाच्या, विचारलं.