फळ्यांची वही

खाणकामगारांचं सांस्कृतिक भवन, जॉर्जिया.
मोजमाप घ्यायला मी टेप घेऊन आलो.
खांब चौदा. झुंबर एक, बिनदिव्यांचं.
सभागृहाला जमीनच नाही,
नुसत्या तुळया, खाली माती,
मातीत कुणाच्या तरी कोटाचं बटण.

‘ओकच्या फळ्या कुठे गेल्या?’

नाझिब्रोला, इथली कोट सांभाळणारी
(कोट येईनासे झाले, ती येते),
खणातून वही काढते.
वीज नव्हती तो हिवाळा, पान पहिलं:
त्सियाला, अकरा फळ्या, बाळंतीण.
वाझा मास्तर, चार. पुस्तकं जाळवेनात, म्हणाले.
गुग्रामच्या चाळिसाव्याला बावीस, मोठं पातेलं होतं.
बेकरी: पुढच्या तीन रांगांखालचं सगळं.
भाषणं ऐकत जिथे लोक पेंगायचे
ती जमीन पाव होऊन घरोघर गेली.

मी रकान्यात लिहितो, ‘गहाळ’.
ती चष्मा पुसते.
‘खोडा ते. वाटली, असं लिहा.’

शेवटच्या पानावर तिचंच नाव,
तीन फळ्या. पुढे कारण नाही.
मी विचारत नाही.

रंगमंच मोजायचा राहिलाय.
थंडी मी म्हणतेय, तरी ती हात पुढे करते,
पितळी बिल्ला देते, एकशे सात:
‘आत कोट घालून जात नाहीत.’