आवक-जावक

नाव आहे मला, पण ऑफिसात कुणी घेत नाही.
"आवक-जावकला द्या" म्हणतात,
म्हणजे मला द्या.
कसबा बावड्याच्या रस्त्याला, दुसरा मजला.
हंगामात मळीचा वास येतो आणि फायलींना चिकटून बसतो.
माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय
इथं काही घडलंय असं धरत नाहीत.

पतसंस्थेची निवडणूक लागली. अठ्ठावीस हजार सभासद.
मतदानयंत्रं भाड्यानं घ्यायची ठरली.
आवक ९१२, ९१३, ९१४: निविदा तीन.
दोन बाद. एकीची लाख तडकलेली,
एकीवर सही काळ्या शाईची, निळी हवी होती.
जावक ४०३: शिरोलीच्या कंपनीला आदेश.

पेढ्यांचा बॉक्स मात्र नोंदीत नाही.
एप्रिलमधला.
हेरवाडे साहेबांचा केदार नोकरीला लागला म्हणून.
कुठं लागला, ते बॉक्सवर छापलेलं नव्हतं
आणि मी विचारलं नाही.
पेढे चांगले होते, खोटं कशाला बोलू.

मार्केट यार्डातल्या गोदामात यंत्रांची चाचणी झाली.
गुळाचे रवे एका भिंतीला, यंत्रं दुसऱ्या.
कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा
एकेक बटण दाबून दाखवत होता.
पन्नास मतं टाकली, पन्नास निघाली.
सगळ्या पॅनेलच्या माणसांनी माना डोलावल्या.
मग पोरगा फॉर्म घेऊन साहेबांकडे वळला,
"बाबा, इथं सही."
आणि लगेच,
"सॉरी, सर."

सगळे हसले.
मीपण.

माझे वडील वडणग्यात डेअरीला दूध घालायचे.
फॅटचं मशीन आलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाला,
आता माणसाचा हातच न्हाई मधी.
वडील म्हणाले, "ते झ्याक झालं.
पर मशीन कुणाच्या मेव्हण्याचं हाय?"
त्या दिवशी आमचं फॅट सहा पॉइंट आठ लागलं.
बरोबर होतं. म्हैस तेवढंच द्यायची.
तरी वडील रिकामी किटली हलवत घरापर्यंत आले,
एक शब्द बोलले नाहीत,
आणि चहा घेतला तो बिनदुधाचा.

निकालाला हलगी वाजली, गटारीपर्यंत गुलाल.
अक्काताई भोपळे एकोणीस मतांनी पडल्या.
आठव्या दिवशी जिना चढून आल्या,
अर्धं वाक्य बोलायच्या, अर्धा श्वास घ्यायच्या.
"मशीनवर माझा आरोप न्हाई, बाई.
मोजलं असंल बरोबर.
मला एवढंच लिहून द्या,
मोजून घेणारा आणि माप पुरवणारा
एका ताटात जेवत्यात काय?"

आतून साहेबांचा आवाज आला,
"अर्ज उद्या घ्या. शिक्क्याची शाई वाळलीय."

साहेब तसे वाईट नाहीत.
माझ्या बाळंतपणात रजा त्यांनीच वाढवून दिली होती.
शाई वाळली नव्हती.
सकाळीच मी घातली होती, जांभळी, बोटाला अजून होती.

अक्काताई पाणी प्यायल्या. मुल्लाणी मामांनी पंखा वाढवला.
मी तारखेची चाकं फिरवली, आजच्यावर आणली.
शिक्का मारला तेव्हा टेबलावरचा ग्लास हलला
आणि आतली खुर्ची करकरली.

आवक १०४७.
विषयाचा रकाना दोन बोटांचा.
"माहिती मिळणेबाबत", असं लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं,
"बाबा, इथं सही, याबाबत."

पोच घेऊन अक्काताई गेल्या, कठड्याला धरत, एकेक पायरी.
जावकचं पान मी उघडून ठेवलंय. कोरं.

मग एप्रिल काढला.
ओळी सगळ्या भरलेल्या होत्या, जागा नव्हती.
समासात, बारीक अक्षरात, क्रमांक न घालता:
पेढे, दोन.
मिळाले.
खाली माझी सही, पूर्ण नावाची.