वजन जुळत नाही

साडेतीनलाच दिवस मिटतो इथे.
मुस्तामाएच्या पाचव्या वसतिगृहात, तळघरातल्या
कपडे धुण्याच्या खोलीत, कारण तिथेच काय ती ऊब,
केर्तू, राल्फ आणि मी
एक बाजार आखत बसलोय.
केर्तूकडे पडदे, राल्फकडे कुलपं आणि नकाशे,
बटणांवरचे शब्द माझ्याकडे.

बाजार तरी कसला,
गेलेल्यांचं आलेल्यांना:
वाफल भाजायचा तवा, टेबलाचा दिवा,
उष्मागतिकीचं पुस्तक, ज्यात एकशे बाराव्या पानानंतर
कुणी एकही रेघ मारलेली नाही.

न्यायला-आणायला रोबो. सहा चाकं, नारिंगी झेंडा,
पोटात पेटी: चाळीस बाय पस्तीस बाय तेहतीस.
आधी माप, मग माणसं.
केर्तू फूटपट्टी घेऊन मजले पालथे घालते.
बसेल ते विकाऊ,
न बसेल ते ज्याचं त्याला लखलाभ.
चौथ्या मजल्यावरच्या सीमला राल्फनं विचारलं,
चेलो सुटा करता येतो का?
सीमनं दार लावून घेतलं.

पहिल्या पडद्यावर मी लिहिलं: भेटायची गरज नाही.
घासाघीस नाही, उंबऱ्यातलं ताटकळणं नाही,
‘आलोच’ म्हणून न येणं नाही.
केर्तूनं दोनदा वाचलं.
हे आश्वासन आहे, म्हणाली, की गाऱ्हाणं?
मी नुसता फाँट बदलला.

जानेवारी. उणे अकरा. पहिली चाचणी.
ग्रंथालय ते पाचवं वसतिगृह, सहाशे चाळीस मीटर.
माल: अडतीस नंबरचे स्केट्स.
घेणार: मिर्तेल, पहिलं वर्ष, इमारतींची रचना.
निळा ठिपका निघाला, वळला,
आणि थांबला.
पडद्यावर माझेच शब्द: वाटेत आहे.
दहा मिनिटांनी, वाटेत आहे.
चाळीस मिनिटांनीही
वाटेतच.

आम्ही धावत गेलो तेव्हा
बर्फ उपसणाऱ्या हेल्वेनं खोरं बाजूला टेकवलं होतं
आणि गुडघ्यानं रेटून त्याला पदपथावर चढवत होती.
रोज दोन-तीन तरी काढते, म्हणाली.
हा ओइनास. एडका.
मागून धक्का बसल्याशिवाय हलायचा नाही.
मग, हातमोज्याची बोटं झटकत:
तुमच्या बाजारात मोजे चालतील का? मी विणते.
राल्फ अवघडला. विद्यार्थी क्रमांक लागतो, म्हणाला.
क्रमांक आहे की, हेल्वे म्हणाली,
बुटांचा. एकोणचाळीस.
आणि एकटीच हसली, बराच वेळ.

आम्ही खोलीत पोचेपर्यंत पडदा लाल:
वजन जुळत नाही.
एकशे चाळीस ग्रॅम जास्त.
झाकणाचं कुलूप धक्क्यानं उघडतं
हे आम्हाला तेव्हा कळलं.
मिर्तेलनं फोटो पाठवला. डाव्या स्केटमध्ये कोंबलेले
राखाडी हातमोजे, अंगठ्यावर लाल नक्षी.
खाली एवढंच:
हे कुणाचे? परत करायचे का?

राल्फ रात्रभर कुलपाशी झगडला. बरोबरच आहे,
आज मोजे निघाले, उद्या काहीही निघेल.
मला म्हणाला, तू ती चूक नीट लिही,
लोक लाल पाहून घाबरतात.

मी लिहिलं: पेटीत नोंदीपेक्षा काही कमी आहे.
खोडलं. कमी नव्हतं.
लिहिलं: पेटीत काहीतरी तुमचं नसलेलं आहे.
खोडलं.
वाळवणीच्या यंत्रात कुणाचं तरी बटण
खडखडत फिरत होतं.
लिहिलं: पेटीत मागितल्यापेक्षा जास्त आहे.
हे राहू दिलं.

मग जाता जाता नोंदणीचा पडदा उघडला.
विद्यार्थी क्रमांक, आणि त्याच्या शेजारी
सक्तीची ती बारीक लाल चांदणी.
तेवढी काढली.
मंगळवारची गोष्ट. आज शुक्रवार.
राल्फला अजून दिसलेलं नाही.
केर्तूला दिसलंय;
ती फूटपट्टी घेऊन
लोकरीचा गुंडा मोजतेय.