नावावर

गाडी बघायच्या आधी मी आर.सी. बुक मागितलं.
एकतीस वर्षं आरटीओत काढली की
माणसाला आधी कागद दिसतो, मग वस्तू.
बाहुबली मगदूम हसले.
पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी बिस्किटाच्या डब्यात,
डबा हळदीच्या पोत्यांमागे.

आत चार नावं.
पहिलं कुणा साहेबाचं, शाई तपकिरी झालेली.
दुसरं मिरजेच्या डॉक्टरांचं.
तिसरं खोडलेलं, खोडल्याची सही नाही
(माझ्या टेबलावर हे चाललं नसतं).
चौथं मगदूमांच्या थोरल्या चुलत्यांचं.
त्यांना म्हणे चालवता यायची नाही,
संध्याकाळी नुसते येऊन बसायचे.
पाचवी ओळ कोरी.
तिच्यावर मी उगाच अंगठा ठेवला.

मग ताडपत्री ओढली.
एमजी. दोन सीटची, बुटकी,
एका दिव्याच्या जागी भोक,
मूळ हिरवी, आता सगळीकडून पिवळी.
"हळद लागलीय, आता नुसती वरात काढायची,"
मगदूम म्हणाले.
आधीच्या गिऱ्हाइकांनाही हेच म्हणाले असणार.

दस्तगीर मेस्त्री गप्प.
त्यांच्या घरात सगळे सतारी करतात,
हे एकटेच इंजिनात गेले.
तरी दारावर टिचकी मारून कान लावायची सवय
भोपळ्यावरचीच.
"सांगाडा लाकडाचा असतो हिचा, बाई.
आणि लाकूड गेलंय."
शेजारचं कुणी गेल्याचं सांगावं, तसं म्हणाले.

"पाणी?" मी विचारलं.
हरिपुरात घर घेताना, बैल घेताना,
सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न येतोच.
"छे! जोत्याखालीच राहिलं."
स्पीडोमीटरच्या काचेआड गाळाची रेघ होती,
बरोबर चाळीस मैलांवर.
कृष्णेची की वारणेची, संगमावर कोण सांगणार?
मी रेघेवर बोट ठेवलं.
मगदूम चहा सांगायला वळले.
चहा येईपर्यंत तीस हजार कमी झाले होते.

मेस्त्रींनी पोत्यावर खडूनं हिशेब मांडला:
सहा लाख. दोन वर्षं. पार्ट विलायतेहून.
"लाकडाचं भाऊ बघेल. सतारीचं तूण आहे त्याच्याकडे."
"म्हणजे गाडी वाजणार?"
"जुनी गाडी सगळीकडूनच वाजते, बाई."

पुण्याहून भाचीचा फोन:
आत्या, तेवढ्यात नवी येते गं,
एसीची, गिअर न बदलायची.
बरोबरच आहे तिचं.
फंड, ग्रॅच्युइटी, गुडघे, सगळं मांडून पाहिलं,
उत्तर तिच्याच बाजूनं येतं.
बसून पाहिलं. बसायला काही वाटलं नाही;
उठवायला मात्र दोघे लागले.
पण मधली दोन मिनिटं
समोर गोदामाचं शटर होतं आणि
मला वाटलं, हे वर करायला
कुणाला तरी सांगावं.

हजारो पुस्तकांवर शिक्के मारले मी:
लुना, टेम्पो, ऊसवाल्यांचे ट्रॅक्टर.
माझ्या नावावर एक स्कूटी,
तीही सोसायटीच्या कर्जावर.

"उद्या सांगते," म्हणून निघाले.
खिडकीपलीकडून हे वाक्य मी जन्मभर वापरलं.
तेव्हा त्याचा अर्थ
नाही, असा असायचा.

विश्रामबागेत घरी आले. तीनदा साबण लावला,
नखांतली हळद गेली नाही.
अंधार पडल्यावर टेप घेऊन खाली उतरले.
साडेअकरा फूट.
शेवंतीच्या चार कुंड्या, जुनी सायकल,
आणि एक पिंप मध्ये येत होतं.
पिंप ओढताना कोपऱ्यावरच्या वहिनींनी विचारलं,
काही आणताय का?
म्हटलं, छे हो.
शेवंतीला ऊन कमी पडत होतं.