संवादाचा तक्ता

पुलाच्या आधी तक्ता.
उभी रेघ: कुणाच्या हातात किती.
आडवी रेघ: कुणाला त्याचं किती पडलंय.
मंत्रालय वर, उजव्या कोपऱ्यात. त्यांना दर सोमवारी पत्र.
सिमेंटवाल्यांना फोन पुरे.

फेरीबोटीचा कप्तान ओडवार
एकतीस वर्षं हाच फ्योर्ड ओलांडतोय.
त्याच्यापुढे लिहिलं, ‘माहिती देत राहणे’.
मग खोडलं.
त्याच्याच बोटीने रोज घरी जाते मी,
आणि तो कॉफीचे पैसे घेत नाही.

रेनडिअरवाला आइलू ईमेल उघडतच नाही.
मार्चच्या बर्फात त्याच्या तंबूत गेले, नकाशा घेऊन.
त्याने तो उलटा धरला,
म्हणाला, डोंगरावरून असं दिसतं.
मग पूर्वेकडच्या खांबावर अंगठा ठेवला:
“इथून माद्या जातात. गाभण.”
“मग त्यांना कसं कळवायचं?”
विचारलं आणि मीच ओशाळले.
तो हसला नाही. शेगडीत लाकूड सारलं.
“तुम्ही गप्प राहिलात की त्यांना कळतं.”

रात्री तक्त्यात एक ओळ वाढली.
कोण: माद्या, अंदाजे चारशे.
हक्क: वाटेचा.
माध्यम: यंत्रं बंद.
कधी: एप्रिलअखेरपासून, आइलू सांगेल तोवर.
जबाबदार व्यक्ती:
इथे पेन जरा थांबलं,
मग माझंच नाव.

ओडवारचा रकाना अजून कोरा.
उद्या सहा चाळीसची बोट.
कॉफीचे पैसे आधी काउंटरवर ठेवीन,
कागद पिशवीतच राहू देईन.
त्याला ठाऊक असणारच सगळं, गाव केवढंसं.
तरी माझ्या तोंडून.