दिसला नाही

सव्वीस वर्षं जहाजावर ऑयलर होतो.
बंदराला लागलो की गेटवर सायकल मिळायची,
कधी भाड्यानं, कधी चौकीदाराच्या ओळखीवर.
त्यामुळे देश पाहिले ते सीटवरून,
विडी विझेल एवढ्या वेगानं.

निईगाताला तिन्हीसांजेला पोलिसानं अडवलं.
कागद मागणार, म्हणून खिसे चाचपले.
तो खाली वाकला, माझा डायनामो
चाकाला टेकवला,
आणि मलाच नमस्कार करून गेला.

चितगावला नियम म्हणून काही सापडला नाही.
रिक्षा, ठेले, बकऱ्या आणि मी
सगळे एकाच घंटीच्या गलक्यात.
पण माणूस माणसाच्या डोळ्यांत बघून वळायचा.
तेवढ्यावर चार दिवस शाबूत राहिलो.
पाचव्या दिवशी बकरीनं पाडलं.

रॉटरडॅमला एक बाई
पुढच्या खोक्यात दोन पोरं नि एक कोबी घालून चाललेली.
तिच्यासाठी अख्खा ट्रेलर थांबला.
हॉर्न नाही, शिवी नाही.
मी पाय टेकून बघत राहिलो,
आपल्याकडे पालखी जाऊ देतात तसं.
तिथेच खांबाला साखळीनं बांधलेली एक सायकल,
टायरपासून घंटीपर्यंत पांढरी रंगवलेली.
विकायची असेल, म्हणून किंमत विचारली.
चौकीदार म्हणाला, इथे एक मुलगी गेली.

म्हणजे तिथेही.

आणि इथे, भैरीच्या उतारावर,
पहाटे पावणेपाचला,
ताजुद्दीन पाववाला.
त्याचा भोंगा खालच्या वाडीत वाजला,
वरच्या वाडीत वाजलाच नाही.
लोक चहा घेऊन ओट्यावर थांबलेले.
चिऱ्यांचा डंपर, भरलेला, मधून आलेला.
पंचनाम्यात तीन शब्द:
सायकलस्वार दिसला नाही.

समुद्रावर तर रस्ताच नसतो,
तरी डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा,
आणि इंजिनवाल्यानं शिडाच्या होडीला वाट द्यायची.
दिसली नाही म्हणणाऱ्या कप्तानाला
आधी विचारतात,
तू बघत होतास का?

चाळिसाव्यानंतर मी त्यांच्या पडवीत गेलो.
हातात पांढऱ्या रंगाचा डबा, होडीचा उरलेला.
मैमुनाला रॉटरडॅमचं सगळं सांगितलं.
तिनं ऐकून घेतलं.
मग म्हणाली,
पांढरी कशाला, भाऊ?
चाक सरळ होतंय का बघा.
अयाजला सोमवारपासून पाव पोचवायचेत.

डबा मी तसाच परत आणला.
चाकाच्या अकरा तारा बदलल्या.
रिम दगडावर ठेवून ठोकली.
मग ट्रंकेतून माझा जहाजावरचा बॉयलर सूट काढला,
अंगाला मावत नाही आता,
आणि त्याच्या चमकत्या पट्ट्या ब्लेडनं उसवल्या.
दोन अयाजच्या बाह्यांना,
एक पावाच्या टोपलीवरच्या ताडपत्रीला,
उरलेल्या शाळेच्या पोरींच्या दप्तरांना.
बायको म्हणाली, टाके वाकडे पडलेत.
पडू देत.

सोमवारी अंधारात मी उतारावर उभा राहिलो,
बॅटरी घेऊन, उगाच.
आधी भोंगा आला.
मग वळणावर दोन बाह्या उजळल्या,
नुसत्या बाह्या, मध्ये मुलगा नसल्यासारख्या.
वरून डंपर उतरत होता.
त्यानं वेग कमी केला का, छातीठोक सांगता येत नाही.
दिवे मात्र खाली केले.

अयाज जवळ आला, एक पाव हातावर ठेवला,
पैसे घेतले नाहीत.
वरच्या वाडीकडे निघाला.
मी मागून बघत होतो:
चाक अजून थोडं डावीकडे ओढतंय.
उद्या परत खोलावं लागेल.