विरजण

रूसे शहरात, डॅन्यूबच्या काठी, नोव्हेंबरात
धुकं चार वाजताच खाली बसतं.
मी बशी उबेतून काढते. सदतीस अंश,
हाताला ना गार लागते, ना गरम.

बशीवर लिहिलंय : स्त्री, एक्कावन्न, डावं स्तन.
नाव नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.
पेशींना हे कुणी कळवलेलं नाही.

दर तिसऱ्या दिवशी त्यातल्या थेंबभर
नव्या बशीत घालते, आई विरजण लावायची तशा :
कालच्या दह्यातलं आजच्या दुधाला,
आणि मडक्याभोवती वडिलांचा जुना कोट.
फक्त माझ्या दुधात मी विष कालवते.

लाल औषध. वॉर्डात त्याला सगळे नुसतं 'तांबडं' म्हणतात.
मार्चमध्ये पहिला थेंब : शंभरातल्या शहाण्णव मेल्या.
चार उरल्या. शौर्यबिर्य काही नसावं,
उरल्या, इतकंच.
त्यांना वाढू दिलं. मग थेंब दुप्पट.
उरल्या त्यांना पुन्हा वाढू दिलं. पुन्हा.
'आठ महिन्यांत पेशी विष पचवायला शिकल्या'
असं अहवालात लिहिलं, आणि खोडलं.
पचवत नाहीत त्या. ओकतात.

निळ्या दिव्याखाली हे औषध केशरी पेटतं.
साध्या पेशीत शिरलं की गाभ्यापर्यंत जातं,
सगळी बशी निखाऱ्यांची होते.
माझ्या पेशींत काळोख.
कडेला एखादी पुसट ठिणगी,
आत येते न येते तोच बाहेर.
कातडीतच बसवलेले हजारो उपसे,
फुटक्या होडीतलं पाणी फेकावं तसे
फेकतायत, फेकतायत.

यंत्र जुनंच आहे. माझ्या आतड्यात आहे, तुमच्याही.
कडू बी, बुरसटलेलं धान्य,
भुकेपोटी ओरबाडलेला रानपाला
पणज्यांच्या पोटातून ज्यानं परतवला, तेच हे.
मी लहान असताना पलीकडच्या काठावरून
कारखान्याचा क्लोरीन यायचा वाऱ्यावर.
आई ओल्या चादरी खिडक्यांना ठोकायची.
आम्हीही तसेच वाचलो,
फटी बुजवून, खोकत.

गुरुवारी लिफ्टमध्ये त्सोन्का ग्रोझेव्हा भेटली.
ट्रॉलीबस चालवायची; आता टोपी कानांपर्यंत.
"सहाच्या सहा बाटल्या घेतल्या," म्हणाली,
"एक चुकवली नाही. केस गेले, नखं काळी पडली,
पाण्यालासुद्धा लोखंडाची चव.
माझं काय चुकलं, सांग."
लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडते, नेहमीच.
मी म्हणाले, काही नाही.
पुढचं म्हणाले नाही :
की तुझ्यातलंच काहीतरी जीव तोडून
राखण करतंय,
कुणाची, तेवढं विसरलंय.

उपसा अडवणारं एक रसायन आहे आमच्याकडे.
ऑगस्टमध्ये घातलं. बशी पेटली, लालभडक.
झाफिरनं प्लमची दारू आणली,
कागदी पेल्यांतून प्यायलो.
सप्टेंबरात पुन्हा काळोख.
या खेपेला वाट दुसरी.
ती मला अजून सापडलेली नाही.

सोमवारी थेंब वाढवायचाय.
घरी जाताना दूध घ्यायचंय,
आणि शेजारणीकडे चमचाभर दही मागायचंय.
आईचं विरजण मेलं.
चाळीस वर्षं जपलेलं,
खिडकी उघडी राहिली, एका रात्रीत.